वर्गणी आणि वायदा

तळ्याहून मांदाडच्या वाटेला लागलं की खाडी जवळ येते तिथे कुड्याचा डोंगर लागतो. डोंगरात २६ बौद्ध लेणी आहेत, इसवी सनाच्या आगेमागे सुरू झालेली आणि पुढे काही पिढ्या कोरली गेलेली. मांदाड तेव्हा बंदर होतं. ग्रीक लेखकांनी नोंदवलेलं मंदागोरा ते हेच, असं काही अभ्यासक मानतात. बंदरात माल उतरायचा, घाटावर जायचा, आणि त्या व्यापारातला काही पैसा या डोंगरातल्या दगडात शिरायचा.

लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावं आहेत. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी ती वाचून १८८१ साली पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या शिलालेखांच्या ग्रंथात छापली. नावं वाचताना पहिल्यांदा जाणवतं ते हे, की कुडा एका कुणाच्या खजिन्यातून उभं राहिलेलं नाही. इथला सत्ताधीश महाभोज मांदव स्कंदपालित याचं नाव लेखात येतं, पण पहिल्या लेण्याचा दाता आहे त्याच्या पदरचा लेखक शिवभूती. दुसरीकडे कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. एक माळी आहे. सोमदेव नावाचा वैद्य आहे, मुलगे आणि मुली यांची नावं सोबत घेऊन आलेला. भायिला नावाची ब्राह्मण बाई आहे.

सहाव्या लेण्यातला लेख जरा थांबून वाचावा असा आहे. दाता आहे शिवभूतीचा धाकटा भाऊ शिवम. लेणं त्याचं. पण दानाची वाटणी तिथे स्वच्छ लिहून ठेवली आहे: दगडातलं कोरीवकाम त्याची बायको विजया आणि मुलगे यांच्याकडून, आणि खांब मुलींकडून. दोन हजार वर्षांपूर्वी एका कारकुनाच्या घरात बसून कुणीतरी हिशोब केला असेल, की मुलींच्या वाट्याला काय द्यायचं. खांब द्यायचे. मोजता येतील, दाखवता येतील, आपले म्हणता येतील असे.

या रीतीत एक शहाणपण आहे. काम असं मोडलेलं आहे की प्रत्येकाच्या वाट्याचा तुकडा स्वतःपुरता पुरा होतो. कोठडी कोरून झाली की त्याच पावसाळ्यात भिक्खू तिथे राहू शकतो, शेजारची कोठडी व्हायची असो वा नसो. कोकणातल्या आणि घाटावरच्या इतर लेण्यांत पाण्याच्या टाकीचंही वेगळं दान नोंदलेलं सापडतं. टाकी पहिल्या पावसाला भरते. अमुक साली सगळा डोंगर कोरून देऊ, असा शब्द कुड्यात कुणी कुणाला दिलेला दिसत नाही.

आजही आमच्या भागात देवळाचा जीर्णोद्धार निघाला की साधारण हीच चाल असते. मुंबईकर मंडळ पावतीपुस्तकं छापून घेतं, परळ-नालासोपाऱ्याच्या खोल्यांतून वर्गणी फिरते, शिमग्याला गावाला आलेल्यांकडून उरलेली गोळा होते. आधी गाभारा बांधतात, मग सभामंडप, आणि कळस सगळ्यात शेवटी. पैसे मध्येच थांबले तर सभामंडप दोन वर्षं पत्र्याखाली राहतो, पूजा थांबत नाही. फरशीवर, पायरीवर, घंटेवर देणाऱ्याचं नाव पडतं. उशीर झाला म्हणून भांडणं होतात, पण कुणी फसवलं असं सहसा म्हणत नाही, कारण तारीख कुणी दिलेलीच नसते.

तारीख देऊन वर्गणी गोळा करणं ही वेगळी गोष्ट. तिचा मराठी अनुभव शंभर वर्षांचा आहे, आणि तो श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या नावावर जमा आहे.

केतकर १८८४ साली रायपूरला जन्मले, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले, जातिसंस्थेच्या इतिहासावर लिहून डॉक्टर झाले आणि परत येऊन त्यांनी मराठीत ज्ञानकोश काढायचं मनावर घेतलं. सरकारी तिजोरी मागे नव्हती. म्हणून १९१६ साली नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी उभी राहिली. कंपनीचे भाग विकायचे, वर्गणीदार नोंदवायचे, पैसे हप्त्याने घ्यायचे आणि खंड जसजसे छापून होतील तसतसे पोचवायचे, अशी योजना. ग्रंथ हातात येण्याआधी त्याचे पैसे मागणं मराठी प्रकाशनाला नवं नव्हतं, पण एवढ्या मोठ्या ग्रंथासाठी, एवढ्या गावांतून, कंपनीच्या कागदावर असं कुणी मागितलं नव्हतं. एखाद्या तालुक्याच्या वकिलाने, मामलेदाराने, शाळेच्या हेडमास्तरने अजून न लिहिलेल्या पुस्तकाचा हप्ता भरायचा, हे धाडस दोन्ही बाजूंचं होतं.

मग कामाने आपला आकार दाखवला. मंडळ पुण्याला आलं. पहिला खंड निघाला १९२० साली, म्हणजे कंपनी उभी राहिल्यावर चार वर्षांनी. आणि तो खंड ‘अ’पासून सुरू होत नव्हता. पहिले पाचही खंड प्रस्तावनेचे होते: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. ज्या वर्गणीदाराला शब्द शोधून माहिती काढायची होती त्याने आधी जगाचा इतिहास घरात घेतला. केतकरांची बाजू अशी की पाया घातल्याशिवाय कोश उभा राहत नाही, आणि विद्वान म्हणून ती खरी होती. वर्गणीदाराच्या बाजूने पाहिलं तर काम सुरू झाल्यावर वाढलं. तरीही २३ खंड पुरे झाले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस शेवटचे खंड बाहेर पडले आणि १९२७ साली केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास’ हे पुस्तक लिहून सगळा हिशोब लोकांपुढे ठेवला. पैसे कसे उभे केले, माणसं कशी मिळाली, काय अडलं, हे वर्गणी देणाऱ्या समाजाला सांगणं त्यांना आपलं काम वाटलं. १९३७ साली ते गेले तेव्हा त्यांच्या पदरी संपत्ती नव्हती, पण वर्गणीदाराच्या कपाटात ज्ञानकोश होता.

केतकरांचा ज्ञानकोश तगला याचं मोठं कारण माझ्या मते त्याच्या खंडांत आहे. दर काही महिन्यांनी जाड पुठ्ठ्याचा एक खंड घरी येत होता, आणि उघडून वाचता येत होता. वाट पाहणाऱ्याच्या हातात काहीतरी पडत होतं. पुढे सरकारच्या पैशावर मराठी विश्वकोश निघाला. त्याचा पहिला खंड १९७६ ला आणि विसावा २०१५ ला आला. तिथे वाट पाहणाऱ्याने आगाऊ पैसे दिलेले नव्हते, त्यामुळे विलंबाचा जाब मागणाराही कुणी नव्हता. केतकरांना तो रोज होता.

आता तारीख देऊन वर्गणी मागण्याच्या नव्या प्रयोगाकडे येऊ. साल २०१२.

किकस्टार्टर नावाचं संकेतस्थळ तीन वर्षांपूर्वी अमेरिकेत सुरू झालं होतं. कल्पना सोपी: आपल्याला काय बनवायचं आहे ते सांगा, किती पैसे लागतील ते सांगा, आणि महिनाभर लोकांना वर्गणी भरू द्या. लक्ष्य गाठलं तर पैसे मिळतात, नाही गाठलं तर कुणाच्याच खात्यातून काही जात नाही. दर रकमेपुढे बक्षीस लिहायचं आणि त्याच्याखाली ते कधी पोचेल याचा महिना आणि वर्ष. लोकवर्गणीच्या जुन्या रीतीला जोडलेली ही ओळ फार महत्त्वाची ठरली.

त्या फेब्रुवारीत टिम शेफर या जुन्या गेमकर्त्याने एका साहसी खेळासाठी ४ लाख डॉलर मागितले. नऊ तासांच्या आत ते जमले. महिन्याच्या अखेरीला ३३ लाखांवर गेले. वायदा होता ऑक्टोबर २०१२ चा. गेमचा पहिला भाग आला जानेवारी २०१४ मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१५ मध्ये. पण हे सगळं पुढे. त्या वसंतात सगळ्यांना फक्त ते ३३ लाख दिसले, आणि सगळ्यात उत्सुकतेने ते पाहिले रोल-प्लेइंग गेम करणाऱ्यांनी.

हा प्रकार ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: रोल-प्लेइंग गेममध्ये खेळणारा एक पात्र घेतो, सोबती जमवतो आणि मोठ्या कथेतून वाट काढतो. कुणाशी काय बोलायचं, कुणाला मारायचं, कुणाला सोडायचं हे तो ठरवतो आणि कथा त्याप्रमाणे फुटते. १९९७ ते २००० च्या आसपास फॉलआउट, बॉल्डर्स गेट, प्लेनस्केप: टॉरमेंट असे या जातीचे उत्तम खेळ आले. वरून तिरकं पाहिल्यासारखी रंगवलेली दृश्यं, पानंच्या पानं संवाद, आणि घाई नाही. नंतर प्रकाशक कंपन्यांनी या शैलीकडे पाठ फिरवली. करणारे होते, खेळणारे होते, मधला पैसा आटला होता. किकस्टार्टरने प्रकाशक हा मधला माणूस काढून टाकला, आणि तिथून या खेळांचं एक छोटं पर्व सुरू झालं.

ब्रायन फार्गो हा आणखी एक जुना गेमकर्ता मार्चमध्ये आला. त्याच्या १९८८ च्या वेस्टलँडचा दुसरा भाग करायची इच्छा तो अनेक वर्षं प्रकाशकांपुढे मांडत होता. त्याने ९ लाख डॉलर मागितले, २९ लाख मिळाले. वायदा ऑक्टोबर २०१३. गेम आला सप्टेंबर २०१४ ला, अकरा महिने उशिरा. शॅडोरन रिटर्न्स या खेळाने ४ लाख मागून १८ लाख मिळवले, जानेवारी २०१३ सांगितला आणि जुलैत दिला. पुढे याहून मोठे वायदे झाले.

ऑब्सिडियन ही कॅलिफोर्नियातली कंपनी २०१२ साली फार अडचणीत होती. मायक्रोसॉफ्टबरोबरचा मोठा प्रकल्प रद्द झाला होता आणि बऱ्याच जणांना घरी पाठवावं लागलं होतं. सप्टेंबरमध्ये त्यांनी पुढे पिलर्स ऑफ इटर्निटी म्हणून ओळखला गेलेला खेळ जाहीर केला. मागणी ११ लाख डॉलर, वायदा एप्रिल २०१४. एका दिवसाच्या आसपास ११ लाख पूर्ण झाले, आणि मोहिमेला अजून जवळजवळ महिना शिल्लक होता.

या महिन्यात जे झालं त्यात साऱ्या पर्वाचं मर्म आहे. मोहीम थांबवता येत नाही, आणि लोक पैसे देत राहावेत म्हणून नवी उद्दिष्टं जाहीर करावी लागतात. एवढे लाख झाले तर आणखी एक सोबती. एवढे झाले तर खेळाडूला स्वतःचा किल्ला. ३५ लाखांना दुसरं मोठं शहर. आणि तळघर: वर्गणीदारांची संख्या वाढेल तसा त्या भुयाराचा एक-एक मजला खाली वाढणार. मजले वाढत १५ झाले. मोहीम बंद झाली तेव्हा ३९ लाख ८६ हजार डॉलर जमले होते, ७३ हजारांवर लोकांकडून. पण प्रत्येक बक्षिसाखाली तीच ओळ राहिली, एप्रिल २०१४. ती तारीख ११ लाखांच्या, एका शहराच्या, भुयार नसलेल्या खेळासाठी काढलेली होती. पैसे साडेतीनपट झाले, काम त्याच्यामागे वाढलं, तारीख जागच्या जागी.

शिवाय बक्षिसं हेही काम होतं. जास्त रक्कम देणाऱ्याला गेममध्ये आपलं पात्र किंवा स्मारकशिळेवर चार ओळी लिहायचा हक्क होता. पिलर्समध्ये गावागावांत सोनेरी पाटीची माणसं उभी दिसतात, त्यांच्या कहाण्या वर्गणीदारांनी लिहिलेल्या. त्या शेकडो कहाण्या कुणीतरी वाचल्या, तपासल्या, योग्य जागी बसवल्या. कुड्याच्या लेण्यातल्या लेखासारखीच ही देणाऱ्याची खूण आहे, आणि ती मला मनापासून आवडते. पण तिचेही दिवस लागतात, आणि ते दिवस एप्रिल २०१४ च्या हिशोबात कुणी धरले नव्हते. खेळ आला २६ मार्च २०१५ ला. उत्तम खेळ होता. कंपनी वाचली.

जुन्या प्लेनस्केप: टॉरमेंटचा वारस म्हणून आलेल्या नव्या टॉरमेंटची कथा जास्त वाईट वाटावी अशी आहे. फार्गोच्याच इनएक्साइल कंपनीने मार्च २०१३ मध्ये, वेस्टलँड २ अजून अर्धाच झालेला असताना, ही दुसरी मोहीम उघडली. पहिल्या दहा लाखांना सात तास लागले. शेवटी ४१ लाख ८८ हजार डॉलर. वायदा डिसेंबर २०१४. लेखनावर उभा असलेला खेळ, दहा लाखांवर शब्दांचा. असा मजकूर एकेका प्रकरणाने पुरा होत नाही. पाचव्या प्रकरणात जे पात्र बोलतं ते पहिल्या प्रकरणात खेळाडूने काय केलं त्यावर बोलतं. एक सोबती बदलला तर त्याच्याशी जोडलेला प्रत्येक संवाद पुन्हा लिहावा लागतो. खेळ २८ फेब्रुवारी २०१७ ला आला, सव्वादोन वर्षं उशिरा. वाढीव उद्दिष्टांत जाहीर केलेल्या काही गोष्टी त्यात नव्हत्या, एक सोबती नव्हता आणि इटालियन भाषांतराचा दिलेला शब्द पाळला गेला नाही. वगळलेल्या गोष्टींची कबुली प्रकाशनाच्या तोंडावर आली. वर्गणीदारांचा राग उशिरापेक्षा या गप्प राहण्यावर जास्त होता, आणि तो रास्त होता. केतकरांनी पुस्तक लिहून हिशोब दिला होता. इथे तो ओढून काढावा लागला.

त्याच मार्च २०१३ मध्ये बेल्जियममधल्या घेंट शहरातून स्वेन विंके आला. त्याची लारियन कंपनी लहान होती, कर्जात होती, आणि डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन हा तिचा खेळ मोहिमेआधीच बराच पुढे गेलेला होता. विंकेने ४ लाख मागितले, ९ लाख ४४ हजार मिळाले. वायदा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा. हा वायदाही चुकला, पण पुढे काय केलं ते पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०१४ मध्ये लारियनने अपुरा खेळ विकायला ठेवला: पहिला मोठा भाग खेळता येईल असा, उरलेलं नंतर. हजारो लोकांनी तो खेळला, चुका कळवल्या, कुठे कंटाळा येतो ते सांगितलं. दिवसरात्रीचं चक्र आणि त्याप्रमाणे वागणारे गावकरी हे वाढीव उद्दिष्टातलं कलम जमत नाही असं दिसल्यावर विंकेने ते उघडपणे सोडलं आणि का सोडलं ते लिहिलं. खेळ ३० जून २०१४ ला आला. सात महिने उशीर, आणि वाट पाहणाऱ्यांकडून फारशी कुरकुर नाही, कारण त्या सात महिन्यांतले पाच-सहा महिने त्यांच्याकडे खेळायला काहीतरी होतं.

प्रागमधल्या वॉरहॉर्स कंपनीचा किंगडम कम: डिलिव्हरन्स आणखी वेगळा. त्यांच्यामागे एक श्रीमंत गुंतवणूकदार होता. असल्या खेळाला गिऱ्हाईक आहे का, हे त्याला पटवायचं होतं. २०१४ च्या सुरुवातीला त्यांनी किकस्टार्टरवर ३ लाख पौंड मागितले, ११ लाख मिळाले, आणि गुंतवणूकदाराला पटलं. पण एवढा मोठा मध्ययुगीन खेळ ३ लाख पौंडांत होत नाही हे आकडे पाहणाऱ्या कुणालाही कळलं असतं. वर्गणीचा आकडा हा खर्चाचा आकडा नव्हता, म्हणून डिसेंबर २०१५ हा वायदाही खर्चाशी जुळणारा नव्हता. खेळ १३ फेब्रुवारी २०१८ ला आला. क्रिस रॉबर्ट्सच्या स्टार सिटिझन या खेळाचा वायदा नोव्हेंबर २०१४ होता. त्याने नंतर स्वतःच्या संकेतस्थळावर वर्गणी घेणं चालूच ठेवलं, जमा ७० कोटी डॉलरच्या पलीकडे गेली, आणि पूर्ण झालेला खेळ अजून लोकांच्या हातात आलेला नाही.

मग वायदे खरे होते का? मी वर नावं घेतलेल्यांपैकी एकाही खेळाने आपली पहिली तारीख पाळली नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन संस्थेतल्या ईथन मॉलिकने किकस्टार्टरचा अभ्यास करून २०१४ साली दाखवलं होतं, की तंत्रज्ञान आणि वस्तुरचना या विभागांतल्या यशस्वी प्रकल्पांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त उशिरा पोचतात, आणि मागितल्याहून खूप जास्त पैसे मिळाले तर उशीर वाढतो. माझ्या मते यात लबाडी थोडी आहे आणि आशा फार. ३० दिवसांत लोकांना पटवायचं आहे, ‘दोन वर्षांनी’ म्हटलं तर पैसे येतात, ‘चार वर्षांनी’ म्हटलं तर येतील की नाही कळत नाही. अशा वेळी दोन वर्षांचा आकडा हातून लिहिला जातो. लिहिणाऱ्याला तो खरा वाटत असतो, कारण अजून भिंतच उभी नसते, तर तिला तडा जाईल हे कुठून दिसणार. पण पैसे देणाऱ्याचाही त्या ओळीवर हक्क आहे. वीस डॉलर देणारा माणूस ती ओळ वाचून देतो.

ज्यांची तारीख जवळपास बरोबर आली ते दुसऱ्यांदा करणारे होते. ऑब्सिडियनने पिलर्सचा दुसरा भाग २०१७ च्या सुरुवातीला फिग नावाच्या दुसऱ्या संकेतस्थळावर आणला. इंजिन तयार होतं, जग लिहिलेलं होतं, लोक एकमेकांना ओळखत होते. ४४ लाख डॉलर मिळाले, वायदा २०१८ च्या पहिल्या तिमाहीचा होता आणि खेळ ८ मेला आला. सव्वा महिन्याचा उशीर या जगात वेळेवर म्हणूनच धरला जातो. लारियनने डिव्हिनिटीचा दुसरा भाग २०१५ च्या ऑगस्टमध्ये किकस्टार्टरवर ठेवला, डिसेंबर २०१६ सांगितला, सप्टेंबर २०१६ मध्येच पहिला भाग खेळायला दिला आणि पूर्ण खेळ त्यानंतर एका वर्षाने, म्हणजे तारीख चुकवूनच आणला. पुढच्या मोठ्या खेळासाठी, बॉल्डर्स गेट ३ साठी, लारियनने किकस्टार्टर वापरलंच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी पहिला अंक पूर्ण किमतीला विकायला ठेवला. लोक जेवढं तयार आहे तेवढंच विकत घेत होते आणि उरलेल्याची वाट पाहत होते. शेवटी ३१ ऑगस्ट २०२३ ही तारीख जाहीर झाली, आणि पीसीवर खेळ ३ ऑगस्टला आला.

या पर्वाचा महाराष्ट्रातला धागा पुण्यात आहे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांची नॉडिंग हेड्स गेम्स ही छोटी कंपनी राजी नावाचा खेळ करत होती. राजी ही कसरतीचे खेळ करणाऱ्या मंडळीतली मुलगी, भावाला राक्षसांनी पळवलेलं, आणि ती त्याला शोधायला निघते. हा रोल-प्लेइंग गेम नव्हे, मारामारीचा आणि उड्या मारण्याचा साहसी खेळ आहे. पण लोकवर्गणीच्या वाटेवर तो त्याच दारातून गेला. मध्य भारतातून भोपाळच्या पायरोडॅक्टिल कंपनीने २०१३ साली अनरेस्ट हा प्राचीन भारतात घडणारा रोल-प्लेइंग गेम किकस्टार्टरवर मांडून ३ हजार डॉलरच्या मागणीच्या कितीतरी पट वर्गणी मिळवली होती आणि २०१४ च्या जुलैत खेळ दिलाही होता. राजी त्याहून मोठ्या आकाराचं स्वप्न होतं: राजस्थानी महाल, पहाडी चित्रशैलीतल्या भिंती, बाली बेटाच्या वास्तूंची छाया, आणि कथा सांगायला दुर्गा आणि विष्णू.

२०१७ च्या अखेरीला राजीची मोहीम किकस्टार्टरवर आली. खेळून पाहता येईल असा नमुना सोबत दिला होता, कौतुकही खूप झालं, पण लक्ष्य गाठलं गेलं नाही. सगळं किंवा काहीच नाही, या नियमाने हाती काहीच आलं नाही. एका छोट्या चमूला हा केवढा धक्का असतो हे ज्याने कुठलंही काम वर्गणीवर उभं करायचा प्रयत्न केला आहे त्याला कळेल. त्यांनी काम सोडलं नाही. अनरियल हे इंजिन बनवणाऱ्या एपिक कंपनीचं अनुदान मिळालं, पुढे सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला, आणि १८ ऑगस्ट २०२० ला राजी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर.

खेळ पाच-सहा तासांचा निघाला. समीक्षकांनी त्यातल्या चित्रांची, संगीताची, वास्तूंची मनापासून स्तुती केली आणि बऱ्याच जणांनी एकच तक्रार केली, की शेवट अचानक येतो. ती तक्रार बरोबर आहे. खेळताना मलाही ते खटकलं. पण वाढीव उद्दिष्टांची यादी त्यांच्या गळ्यात नव्हती. दुसरं शहर, पंधरावा मजला, सोनेरी पाटीची माणसं यांपैकी काहीही ते कुणाला देणं लागत नव्हते. जेवढं बांधून होईल तेवढंच बांधायची मोकळीक त्यांना फसलेल्या मोहिमेने दिली, असं मला वाटतं. पुण्यातल्या त्या खोल्यांत जे थोडे लोक बसले होते त्यांनी मुलीच्या उड्या, त्रिशूळ, झरोके, तळी एकेक करून पुरी केली, आणि जिथे हात पोचेना तिथे कथा थांबवून खेळ लोकांना दिला. २०२२ साली सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. मराठी आवाज त्यात अजून नाहीत, आणि एखाद्या मराठी चमूने कधी वर्गणी मागून असा खेळ काढला तर मी पावती फाडायला तयार आहे. तारीख मात्र मी पहिल्या अंकाचीच विचारीन.